बुरकुंडांची साखर

दोन हजार तेवीस साल. शहराच्या पाट्या त्याच वर्षी बदलल्या. एसटीच्या कपाळावर छत्रपती संभाजीनगर आलं, रिक्षावाले मात्र ‘औरंगाबाद, औरंगाबाद’ करीतच प्रवासी गोळा करायचे, आणि पुंडलिकनगरातल्या मनकर्णाबाईंच्या तोंडी जे आधी येईल ते नाव यायचं. ऑगस्टात पावसानं अशी ओढ दिली होती की कन्नड तालुक्यात मक्याची कणसं बोटाएवढी राहिली. पण मनकर्णाबाईंना ते साल आठवतं ते पाट्यांमुळं नाही आणि पावसामुळंही नाही. त्या वर्षी त्यांना जो राग आला तो अजून गेलेला नाही. ताप उतरतो, चढलेला विंचू उतरतो. हा काही उतरला नाही.

मनकर्णाबाई पिशोरच्या पुढच्या एका गावच्या थोरल्या सून. गावाचं नाव सांगत नाही. गाव अजून तिथंच आहे आणि माणसंही. नवरा एसटीत नोकरीला होता. त्यानं पुंडलिकनगरात प्लॉट घेऊन खाली-वर असं घर बांधलं आणि त्या घरात धड दोन दिवाळ्या न काढता गेला. मूलबाळ नव्हतं. गावाकडं धाकटे दीर काकासाहेब, त्यांची शेती आणि त्यांचा दरारा. काकासाहेबांचा मुलगा विश्वजीत शाळेसाठी शहरात आला तो मनकर्णाबाईंच्याच घरी राहिला. त्याच्या डब्याच्या पोळ्या त्यांनी लाटल्या, कॉलेजात तो नापास झाला तेव्हा गावाकडं बातमी पोचू दिली नाही. तो त्यांना मोठीआई म्हणायचा. आणि त्या त्याला पोटचाच मानायच्या, ही सगळी रडकथा तिथूनच सुरू होते.

वरच्या मजल्यावर भाड्यानं धम्मपाल आणि रूपा राहायचे. धम्मपाल पाचोडकडचा. बाप वीटभट्टीवर, आणि पोरगा सूक्ष्मजंतूंच्या अभ्यासात डॉक्टर झालेला. रूपा सरकारी दवाखान्यात नर्स. मनकर्णाबाईंना शुगर होती, म्हणून रूपा ड्यूटीवर जाता जाता त्यांचं बोट टोचून आकडा बघायची आणि ओरडायची, “काकू, काल पुन्हा जिलेबी? खरं सांगा!”

“अर्धी गं. अर्धी म्हणजे काय जिलेबी असती?”

अशाच एका संध्याकाळी ओट्यावर चहा चालला असताना धम्मपालनं ती गोष्ट काढली. मक्याचे दाणे काढून जे बुरकुंड उरतं, त्यातून साखर निघते म्हणाला.

“बुरकुंडातून?” मनकर्णाबाई हसल्या. “अरे, मी सासरी आले तवा चुलीत बुरकुंडंच घालायचो आम्ही. निखारा लई छान पडतो. साखर असती तर मुंग्या लागल्या असत्या.”

“काकू, दुधाला विरजण लावता ना, तसंच आहे हे. बुरकुंडं दळायची, आम्लाच्या पाण्यात शिजवायची, गोडसर काढा निघतो. तो स्वच्छ करून त्यात यीस्ट सोडायचं. पाव फुगवतं त्याच्याच भावकीतलं. ते यीस्ट काढा खातं आणि झायलिटॉल बाहेर टाकतं. साखरेसारखं पांढरं, साखरेसारखं गोड, पण तुमचा आकडा चढत नाही.”

“बाहेर टाकतं म्हंजी? हगतं म्हण की सरळ. आन् ते मी चहात घालू व्हय?”

“मधमाशीचं ओकलेलं चाटता की,” रूपा म्हणाली, आणि तिघंही पोट धरून हसले.

पायरीवर बसलेला विश्वजीत मात्र हसला नाही. तो त्या दिवशी सहज आला होता. त्याचे तोवर दोन धंदे बसले होते, एक ठिबकच्या नळ्यांचा आणि एक मिनरल वॉटरचा. त्यानं विचारलं, “बुरकुंडं तर गावात फुकट पडलेली असतात. यंत्राला किती लागतील?” तिथून पुढं दीड वर्षात गावाबाहेरच्या जुन्या जिनिंगच्या शेडमध्ये स्टीलच्या टाक्या उभ्या राहिल्या. काकासाहेबांनी जमीन गहाण टाकली, सरकारी योजनेतून काही मिळालं. टाक्यांपुढं दिवस-दिवस उभा राहिला तो धम्मपाल. काढ्यात जरा अशुद्ध राहिलं की यीस्ट मरायचं, पुन्हा पहिल्यापासून. शेवटी पाण्यातून पांढरे खडे बसले तेव्हा त्यानं पहिला फोन रूपाला केला आणि दुसरा मनकर्णाबाईंना. “काकू, निघाली साखर!” त्याचा आवाज रडवेला झाला होता. विश्वजीतनं तिला नाव दिलं, मकाश्री. पाकिटावर कणीस छापलं आणि कणसाशेजारी स्वतःचा फोटो.

त्या तेवीस सालची चंपाषष्ठी आली. त्या गावात खंडोबाचं ठाणं आहे. तळी भरायची, भंडारा उधळायचा, वांग्याचं भरीत, बाजरीचे रोडगे, पुरणाची पोळी असा नैवेद्य. देवाला दाखवला की पहिला घास कुत्र्यांना. कुत्रं खंडोबाचं, ते आधी जेवणार. त्या गावात तर कुत्र्यांनी पत्रावळ चाटल्याशिवाय पंगतच बसत नाही. मनकर्णाबाईंचे सासरे कुत्र्यांपुढं हात जोडून ‘जेवा मालक’ म्हणायचे. बहात्तरच्या दुष्काळात माणसं रेशनची लाल मिलो ज्वारी खात होती, तेव्हाही कुत्र्यांचा रोडगा चुकला नव्हता, असं त्या घरात अभिमानानं सांगत.

विश्वजीत शहरात येऊन म्हणाला, “मोठीआई, यंदाचं पुरण आपल्या साखरेचं. तूच कर. पुण्याहून पैसे लावणारे पाहुणे यायचेत. व्हिडिओ काढू. पहिला मान देवाचा, मग बाजारात.”

त्यांना केवढा आनंद! शुगरमुळं सहा वर्षं त्यांनी स्वतःच्या हातची पुरणपोळी चाखली नव्हती. गावी जाऊन पहाटेच डाळ शिजत घातली. साखर पडली तशी डाळ पाण्यासारखी पातळ झाली, आटता आटेना. जाऊबाई म्हणाली, “अहो, हे पुरण हाय का वरण?” पण हलवत राहिल्या तसं जमून आलं. बोटावर घेऊन चाखलं तर गोड, आणि चिमूटभर कोरडी साखर जिभेवर टाकली तर गारेगार, पेपरमिंटची गोळी चघळावी तसं. मनकर्णाबाई डोळे मिटून उभ्या राहिल्या.

धम्मपाल पूजेला नव्हता. तो देवाधर्मात नव्हता आणि त्याला कुणी आग्रहही केला नव्हता. टाकीत नवं यीस्ट सोडलं होतं, तो शेडमध्येच थांबला. नैवेद्याच्या पोळ्या कसल्या साखरेच्या, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

देवळापुढं ‘येळकोट येळकोट’ झालं. हळदीनं पाहुण्यांचे शर्ट पिवळे झाले. साहेबराव धनगर आपली दोन कुत्री घेऊन आला होता, भुंग्या आणि सरदार. लांडग्याच्या अंगावर जाणारी कुत्री ती. साहेबरावाचा कळप त्यांच्या जिवावर डोंगरात बसायचा. काळी नावाची देवळातली म्हातारी कुत्री होती, आणखी गावातली चार. मनकर्णाबाईंनी पत्रावळींवर पोळ्या ठेवल्या, हात जोडले आणि सासऱ्यांसारखंच म्हणाल्या, “जेवा मालक.” पोरं मोबाइल धरून शूटिंग करत होती.

विश्वजीतचं एक विलायती कुत्रं होतं, ब्रुनो. मऊ अंगाचं, सोनेरी, गाडीत पुढच्या सीटवर बसणारं. ते शेपूट हलवत आलं तशी मनकर्णाबाईंनी त्याच्यापुढंही पोळी धरली. विश्वजीत पाहुण्यांशी बोलत होता. तो तिथून धावत आला आणि त्यानं पोळी हातातून हिसकावली.

“त्याला नको मोठीआई! त्याचं पोट नाजूक आहे.” आणि पट्टा ओढत ब्रुनोला गाडीत नेऊन कोंडला.

“देवाच्या कुत्र्यांना चालती पोळी, आन् ह्याच्या लाडक्याला बाधती,” मनकर्णाबाई पुटपुटल्या आणि पंगतीकडं वळल्या.

पहिली पंगत उठायच्या आत भुंग्या दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खात आला. साहेबरावाच्या पायाशी येऊन पडला, चारी पाय हवेत झाडू लागला. मग सरदार. मग देवळामागं दोन. बाया किंचाळल्या. कुणी म्हणालं फेफरं, कुणी म्हणालं दृष्ट. जनावरांचा डॉक्टर पिशोरला. मनकर्णाबाईंना सुचलं ते त्यांनी केलं, धम्मपालला फोन लावला.

“काकू, काय खाल्लं त्यांनी?”

“पुरणपोळी. तुझ्याच साखरेची.”

तो म्हणाला, “साधी साखर पाण्यात कालवा, हिरड्यांना चोळा. आलोच.”

तो मोटारसायकलवरून ग्लुकोजचे डबे घेऊन आला. अंगावरचा पांढरा कोटही काढला नव्हता. धुळीत गुडघे टेकून एकेका कुत्र्याचा जबडा उघडायचा, बोटानं ग्लुकोज चोळायचा, लोकांना ओरडून सांगायचा, “माणसांना काही होत नाही! घाबरू नका. ही साखर माणसाला चालते, कुत्र्याला चालत नाही. कुत्र्याच्या रक्तातली साखर एकदम खाली जाते.” त्या गोंधळात ते कोण ऐकतो? मध्येच मान वर करून तो विश्वजीतला म्हणाला, “सांग यांना. तू सांग.”

“सांगतो, सांगतो. पाहुणे जाऊ देत,” विश्वजीत हळूच म्हणाला. मनकर्णाबाई शेजारीच कालवलेल्या साखरपाण्याचं भांडं धरून उभ्या होत्या.

पाहुणे गेले. विश्वजीतनं कुणाला काही सांगितलं नाही.

डॉक्टर येऊन सलाईन लावेपर्यंत भुंग्या आणि सरदार गेले होते. संध्याकाळपर्यंत आणखी चार गेली. एक काळी तेवढी वाचली. त्यात भर म्हणून गावाची पोटं बिघडली. ही साखर सवय नसताना भाराभर खाल्ली की पोट ढिलं होतं, दुसऱ्या दिवशी ठीक होतं. धम्मपालनं पाकिटावर तसं छापायला लावलंही होतं. पण तीन-तीन पोळ्या हाणलेल्यांना हे कोण सांगणार? टमरेलं घेऊन माणसं पळू लागली आणि गावभर एकच शब्द झाला, विष.

आणि विष म्हटलं की विष घालणारा लागतो.

पारावर बोलणं सुरू झालं. “आल्या आल्या उतारा घिऊनच आला की त्यो. त्याला कसं कळलं काय घातलंय ते?”

“आपल्या देवाला हात जोडीत नाय त्यो. पूजेला का आला नाय?”

“मुद्दाम लांब बसला.”

ज्या माणसानं धुळीत बसून कुत्र्यांच्या तोंडात बोटं घातली, त्याच्यावरच ही बला आली. तो पळून गेला असता तर कुणाच्या लक्षातही राहिला नसता.

मनकर्णाबाईंनी माजघरात विश्वजीतला गाठलं. “पोरा, खरं सांग. ह्या साखरेनं कुत्री मरत्यात हे तुला ठाऊक होतं?”

“तुझ्या गळ्याची शपथ, मोठीआई. त्यानं मला कधी सांगितलंच नाही. शास्त्रज्ञ तो आहे, मी नाही.”

गळ्याची शपथ म्हटल्यावर बाईंचा विश्वास बसला. धम्मपालच बोलायचं विसरला असेल, असं एक घाण वारं त्यांच्या मनातून वाहूनही गेलं.

सकाळी त्यांनी रात्रीची भाकरी दुधात कुस्करून ब्रुनोपुढं ठेवली. माडीवरून विश्वजीत ओरडला, “काय घातलं? त्यात काय आहे?” आणि दोन-दोन पायऱ्या उतरून आला. वाडगं उचलून नाकाला लावलं, बोट बुडवून चाटून पाहिलं. “दूध-भाकर आहे होय,” म्हणाला आणि घाम पुसत वर गेला.

मनकर्णाबाई तशाच उभ्या राहिल्या. कालची हिसकावलेली पोळी त्यांना आता दिसली. ह्याला ठाऊक होतं. स्वतःच्या कुत्र्याच्या तोंडातून ह्यानं घास काढला, आणि साहेबरावाची कुत्री पत्रावळ चाटत असताना हा कॅमेऱ्याकडं बघून हसत होता. एक हाक मारली असती! ‘मोठीआई, थांब’ एवढीच. पण पाहुण्यांपुढं ते बोलायचं कसं? म्हणून देवाची कुत्री मरू दिली, आणि आता माणूस मारायला निघाला. माझ्या हातानं. माझ्या गळ्याची शपथ घेऊन. इतका राग त्यांना नवरा गेला तेव्हा देवाचाही आला नव्हता.

देवळापुढं माणसं जमली होती. काकासाहेब ओट्यावर बसले होते, शेजारी विश्वजीत मोबाइलवर अंगठा फिरवत. समोर धम्मपाल उभा होता, शर्टाची बाही फाटलेली. कुणीतरी येतानाच धरलं होतं. रूपा पहाटेच्या गाडीनं आली होती आणि नवऱ्याच्या पुढं उभी होती.

काकासाहेब समजुतीच्या सुरात बोलत होते. “हे बघ धम्मपाल, पोलिसांचं काही काम नाही. आपण घरातली माणसं. चूक झाली म्हण, गावाची माफी माग, आणि काही दिवस प्लांटवर येऊ नको. मी जबाबदारी घेतो, तुला कुणी हात लावणार नाही.”

“चूक कसली?” रूपा म्हणाली. “पावसाळ्यात पाकीट छापायला गेलं तेव्हा हे म्हणाले, कुत्र्याला देऊ नका असं छापा. विश्वजीतभाऊ फोनवर म्हणाले, ‘तसं छापलं तर लोक म्हणतील विषच आहे.’ मी ऐकलंय. फोन स्पीकरवर होता.”

“बायको नवऱ्याच्याच बाजूनं बोलणार,” विश्वजीत मोबाइलवरून नजर न काढता म्हणाला.

“आन् कुत्रं तुझ्या बाजूनं बोलंल का रं?”

सगळ्यांनी मागं पाहिलं. मनकर्णाबाई येत होत्या. डाव्या हातात ब्रुनोचा पट्टा, उजव्या हातात कालची उरलेली पुरणपोळी. त्या गावात बाया पंचांपुढं येत नाहीत, कडेला भिंतीशी उभ्या राहतात. त्या मधोमध आल्या.

“वहिनी, तुम्ही घरात जा,” काकासाहेब म्हणाले. “हे बायामाणसांचं नाही.”

“भाऊजी, विद्यापीठाच्या नामांतराच्या दंगलीत मामंजी मला हेच म्हणाले व्हते. घरात जा. दार लावलं, कडी घातली. पल्याडच्या वस्तीतला धूर दाराच्या फटीतून माझ्या नाकात आला, आन् तुम्ही सगळे भिंतीकडं तोंड करून बसला व्हता. चव्वेचाळीस-पंचेचाळीस वर्षं मी तो वास घिऊन हिंडती. आता नाय जायची मी घरात.”

मनकर्णाबाईंनी पोळीचा तुकडा मोडून तोंडात टाकला, सगळ्यांसमोर चावून गिळला.

“पोळ्या मी केल्या. साखर ह्या विश्वजीतनं दिली. धम्माचा हात त्याला लागला नाय, तो पूजेला नव्हताच. माणसाला काय होत नाय, बघा, मी उभी हाय. तुमची पोटं बिघडली ती हावरटपणानं. कुत्र्याला मात्र हे जहर हाय. विश्वजीत म्हणतो त्याला हे ठाऊक नव्हतं. नव्हतं ना रं?”

“नव्हतं मोठीआई. कालच शपथ घेतली ना मी.”

“मग तुझ्या मतानं धम्मानं कुत्र्यांच्या पत्रावळीतच दुसरं काही घातलं असंल. साखर चांगलीच असणार. व्हय ना?”

“तेच म्हणतोय मी.”

“मग खाऊ दे तुझ्या ब्रुनोला.”

त्या वाकल्या आणि पोळी ब्रुनोच्या नाकाशी धरली. ब्रुनोनं जीभ काढली.

“नको!” विश्वजीत ओट्यावरून उडी टाकून आला. त्याच्या हातातला मोबाइल दगडावर पडला, तिकडं त्यानं पाहिलंही नाही. मनकर्णाबाईंच्या हातावर त्यानं असा फटका मारला की बांगडी पिचकली आणि पोळी धुळीत पडली. मग तो गुडघ्यांवर बसला आणि एका हातानं ब्रुनोचं तोंड दाबून धरून दुसऱ्या हातानं मातीतले तुकडे वेचू लागला. बारीक-बारीक कण. ब्रुनोनं एकही चाटू नये म्हणून.

सगळं गाव बघत होतं. त्याच्याही ते लक्षात आलं, पण तुकडे वेचायचं त्याला थांबवता येईना.

साहेबराव धनगर पुढं आला. रात्रभर तो डोंगरात कळपाशी एकटा बसला होता, डोळे लाल झालेले. तो ओरडला नाही.

“मालक,” तो म्हणाला, “माझ्या भुंग्याच्या तोंडातून का नाय काढली?”

मुठीतली पोळीची माती तशीच धरून विश्वजीत बसून राहिला.

मनकर्णाबाईंचा हात सुजत चालला होता. “मी घालणार नव्हते रं त्याला,” त्या म्हणाल्या. “त्या मुक्या जनावरानं माझं काय घोडं मारलंय? मूठ आवळून धरली व्हती मी. पण तुला ते दिसलं नाय. तुला तुझं कुत्रं दिसलं. तसा काल धुळीत बसलेला हा धम्मा दिसला असता तर?” आणि मग इतका वेळ धरलेला त्यांचा आवाज सुटला. “माझ्या गळ्याची शपथ घेतलीस भडव्या! ह्या गळ्याखालचा घास काढून तुला वाढवला!”

शिवी त्यांच्या तोंडून गावानं पहिल्यांदाच ऐकली. काकासाहेब उठले आणि कुणाकडंही न बघता घराकडं चालू लागले. गर्दी हळूहळू पांगली. धम्मपालची बाही ज्यानं फाडली होती तो सगळ्यांत आधी निघून गेला. ‘चुकलं’ असं धम्मपालला कुणी म्हणालं नाही. काहींनी तर जाता जाता मनकर्णाबाईंकडंच असं पाहिलं, जणू घरातली घाण त्यांनी चव्हाट्यावर आणून टाकली.

तिघं एकाच गाडीनं शहरात परत आली. रूपानं बाईंच्या हाताला पट्टी बांधली. धम्मपाल खिडकीबाहेर बघत होता. पिशोर मागं पडल्यावर तो एवढंच म्हणाला, “टाकीतलं यीस्ट तसंच राहिलं, काकू. कुणी बघणार नाही. मरेल ते.”

यीस्ट मेलंच. पुण्याच्या पाहुण्यांनी गावातल्या पोरांच्या मोबाइलवरचा तो नैवेद्याचा व्हिडिओ पाहिला, गावात पुढं काय झालं तेही ऐकलं आणि फोन उचलणं बंद केलं. उन्हाळ्यापर्यंत शेडला कुलूप लागलं. टाक्या दुसऱ्या कुणीतरी नेल्या. गावात बुरकुंडं पुन्हा चुलीत जाऊ लागली.

विश्वजीत आता कन्नडला फ्लॅटचे व्यवहार जुळवतो. लग्न झालं, मुलगी आहे. मोठीआईच्या दारी तो दोनदा आला. पहिल्यांदा त्यांनी दार उघडलं नाही. दुसऱ्यांदा उघडलं, पाणी दिलं, आणि तो ‘मोठीआई, मी’ एवढं बोलल्यावर म्हणाल्या, “मला काय सांगतोस? धम्मा हैदराबादला गेलाय. तिथलं तिकीट काढ.” तो काही हैदराबादला गेला नाही. ब्रुनो त्याच्याजवळच आहे. म्हातारा झाला, लठ्ठ झाला.

काकासाहेबांना पुढच्या वर्षी अर्धांगाचा झटका आला. बोलणं गेलं. मनकर्णाबाई भेटून आल्या, पायाशी बसल्या, डाव्या हातानं काकासाहेबांनी खुणेनं काहीतरी विचारलं, ते बाईंना कळलं नाही किंवा कळून घ्यायचं नव्हतं.

काळी दोन पावसाळे जगली. देवळाच्या पायरीवर पडून असायची, पण कुणाच्या हातचं खायची नाही. जमिनीवर टाकून लांब झालं तरच खायची. चंपाषष्ठीला त्या गावात कुत्र्यांना आता नुसता बाजरीचा रोडगा घालतात. गोड घालत नाहीत. का, ते नव्या सुनांना कुणी सांगत नाही.

धम्मपाल आणि रूपा हैदराबादला गेले. तिथल्या एका कारखान्यात तो हेच काम करतो, तिथं टाक्या पुरुषभर उंच आहेत म्हणे. पाकिटावर कुत्र्याचं चित्र आणि त्यावर लाल फुली, हे छापल्याशिवाय माल बाहेर पडत नाही. रूपा दर रविवारी फोन करून विचारते, “आकडा किती आला काकू?” आणि बाई दर रविवारी खोटं सांगतात. ती साखर तो त्यांना पाठवतो. त्या शेजारणीला देऊन टाकतात. त्यांच्या घशाखाली ती उतरत नाही.

साहेबराव एकदा पुंडलिकनगरात पत्ता विचारत आला. खांद्यावर काळं घोंगडं होतं, स्वतःच्या मेंढरांच्या लोकरीचं, नवंकोरं. “त्या डाक्टरला द्यायचं व्हतं,” म्हणाला. “त्या रोजी मीच वरडलो व्हतो, धरा त्याला म्हणून.” मनकर्णाबाईंनी सांगितलं की ते इथं राहत नाहीत, हैदराबादला गेले. घोंगडं ठेवून जा, मी पाठवते.

साहेबरावानं मान हलवली. “पाठवून काय कामाचं? त्याच्या तोंडावर बोलाया पायजे.” त्यानं हैदराबादला कुठली गाडी जाते ते विचारलं, पाणी प्यायला, आणि घोंगडं पुन्हा खांद्यावर टाकून स्टेशनच्या रस्त्याला लागला. तो पोचला का, ते रूपानं कधी सांगितलं नाही आणि मनकर्णाबाईंनी विचारलं नाही. ‘चुकलं’ म्हणायला गावातून निघालेला तो एकटाच.